बंजार: बालीतील शेजाऱ्यांची पंचायत

बालीविषयी मराठीत जे लिहिले जाते त्यात देवळे, भातखाचरे आणि नृत्ये भरपूर असतात. पण ती देवळे सांभाळणारा आणि वस्तीतल्या मयताला खांदा देणारा बंजार त्यात क्वचितच दिसतो. बंजार म्हणजे शेजारच्या घरांची पंचायत, आणि एक किंवा अनेक बंजार मिळून देसा अदात, म्हणजे परंपरागत गाव, बनते. सदस्यत्व सहसा एकट्या माणसाचे नसून विवाहित जोडप्याचे असते, त्यामुळे लग्न झाले की वर्गणी, श्रमदान आणि सभेतील हजेरी मागे लागते. सभा बहुधा ३५ दिवसांच्या बाली महिन्यातून एकदा, 'बाले बंजार' या सभामंडपात भरते. कुलकुल हा पोकळ लाकडी नगारा वाजला की लोक जमतात आणि शक्यतो सर्वांच्या संमतीने निर्णय घेतात. सभेत बहुतेक ठिकाणी पुरुषच बसतात आणि पूजेच्या नैवेद्याचे अखंड काम स्त्रियांकडे राहते, हे मला खटकते.

बंजारचे खरे वजन कळते ते मृत्यूच्या वेळी. 'ङाबेन' हा दहनविधी एका कुटुंबाला न झेपणारा: बांबूचा उंच मनोरा उभारायचा, तो खांद्यावर घेऊन चौकात फिरवायचा, सोबत गामेलान वाद्यवृंद हवा, आलेल्या-गेलेल्यांचे जेवण हवे. हे सारे शेजारी मोबदला न घेता करतात, कारण उद्या त्यांच्या घरीही हीच वेळ येणार असते. मात्र स्मशानभूमी परंपरागत गावाच्या ताब्यात असते, आणि 'आविग-आविग' या गावनियमांचे उल्लंघन करणाऱ्याला प्रथम दंड होतो, तो पुढेही अडून राहिला तर 'कासेपेकांग', म्हणजे वाळीत टाकणे, हे अस्त्र निघते. मग प्रसंगी अंत्यविधीसुद्धा अडवला जातो. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ साली स्वतंत्र कायदा केला, तो अशाच अनुभवांमुळे. म्हणूनच बंजारकडे निव्वळ कौतुकाने पाहणे मला जमत नाही. तरीही, जी पंचायत फुकट खांदा देते तीच तो नाकारूही शकते, आणि हे दोन अधिकार एकमेकांपासून वेगळे काढणे सोपे नाही.

न्येपीच्या मौनदिनी रस्ते सुने राहतील याची दक्षता घेणारे पेचालांग रक्षकही याच व्यवस्थेतले, आणि त्याच्या आदल्या संध्याकाळी मिरवले जाणारे ओगोह-ओगोह, म्हणजे राक्षसांचे पुतळे, बंजारची तरुण मंडळी घडवतात.

पर्यटनाने मात्र लोकांच्या वेळेचे गणित बदलले आहे. हॉटेलात पाळीने काम करणाऱ्याला प्रत्येक विधीसाठी रजा मिळत नाही, म्हणून कित्येक ठिकाणी श्रमाऐवजी पैसे भरण्याची मुभा दिली जाते. २०१९ च्या प्रांतिक नियमाने मूळ सदस्य, बाहेरगावचे हिंदू आणि इतर रहिवासी अशी वर्गवारीही केली आहे. बालीची राजधानी देनपासारमध्ये वर्षानुवर्षे नोकरी करणारी अनेक कुटुंबे शहरात पाहुण्यासारखी राहतात, वर्गणी मूळ गावी भरतात आणि घरात मृत्यू झाला की दहनासाठी तिकडेच परततात.