कार्ताहेना: रंगीत भिंतींच्या आत

बोगोटाची थंडी, सालेन्तोचे कॉफीचे मळे, मेदेयीनची केबल कार, सगळं छान झालं. त्याबद्दल सवडीने लिहीन. आज फक्त कार्ताहेना, कारण कोलंबियातल्या या शेवटच्या मुक्कामावर जे पाहिलं ते डोक्यातून जात नाहीये.

शहर सुंदर आहे यात शंकाच नाही. कॅरिबियन समुद्राला लागून जाडजूड दगडी तटबंदी, आत पिवळी, निळी, गेरूच्या रंगाची घरं, लाकडी सज्जे आणि त्यांवरून ओसंडणारी बोगनवेल. उकाडा मात्र असा की अकरानंतर माणूस सावली धरूनच चालतो. मी आणि ताई भल्या सकाळीच बाहेर पडायचो.

घड्याळाच्या मनोऱ्याखालच्या कमानीतून आत शिरलं की लोस कोचेस नावाचा चौक लागतो. १५३३ साली हे शहर वसवणाऱ्या पेद्रो दे एरेदियाचा पुतळा तिथे आहे. बाजूच्या कमानींखाली मिठाईची दुकानं. आणि चौकात पालेंकेरा: पिवळ्या-निळ्या-लाल झालरींचे घेरदार झगे, डोक्यावर कलिंगड, पपई, अननसाने भरलेलं घमेलं. कार्ताहेनाच्या प्रत्येक पोस्टकार्डावर याच बायका असतात.

आमच्यासमोरच एका सहलीच्या घोळक्यातला माणूस त्यातल्या एकीच्या खांद्यावर हात टाकून उभा राहिला, चार-पाच फोटो काढून घेतले आणि चालता झाला. ती पैसे मागत दोन पावलं त्याच्यामागे गेली. गाईडने ऐकलं, पाहिलं आणि छत्री उंच धरून घोळका पुढे नेला. मला इतका संताप आला! उन्हात डोक्यावर ओझं घेऊन उभं राहणं हे तिचं काम आहे. फोटोचे पैसे द्यायचे नसतील तर फळं घ्या, निदान विचारून तरी काढा.

संताप दुपारी आणखी वाढला. सान पेद्रो क्लाव्हेरच्या मठात थंडावा मिळेल म्हणून गेलो. १६१० साली आलेला हा जेझुइट पाद्री. आफ्रिकेतून गुलामांची जहाजं आली की अन्न, औषधं घेऊन थेट त्यांवर चढायचा आणि मरणाच्या दारात असलेल्यांची सेवा करायचा. १६५४ मध्ये वारला, १८८८ मध्ये त्याला संतपद मिळालं. जहाजांतून उतरवलेली ती माणसं विकली जायची कुठे? त्याच चौकात, जिथे सकाळी फोटो चालले होते. आणि पालेंकेरा कोण? गुलामीतून निसटून जंगलात कुंपण घालून राहिलेल्यांच्या लेकीसुना. त्यांचा पुढारी बेंकोस बिओओ, त्याला १६२१ मध्ये याच शहरात फाशी दिलं. हे त्या गाईडने नको का सांगायला? रंगांवर अर्धा तास बोलतात, या गोष्टीला दोन मिनिटं मिळत नाहीत.

संध्याकाळ हेत्सेमानी नावाच्या जुन्या वस्तीत गेली. भिंतीभिंतीवर चित्रं, त्रिनिदाद चौकात चर्चच्या पायऱ्यांवर बसलेली माणसं, गाड्यावर तळलेला आरेपा दे उएव्हो. मक्याच्या पुरीत अख्खं अंडं, बाहेरून कुरकुरीत, आत वाफाळतं. ११ नोव्हेंबर १८११ ला स्वातंत्र्यासाठी याच वस्तीतली कष्टकरी माणसं रस्त्यावर उतरली होती. आता घरांची हॉटेलं होताहेत आणि जुनी बिऱ्हाडं शहराबाहेर ढकलली जाताहेत. आम्हीही तशाच एका हॉटेलात उतरलो होतो, हे बोचत राहिलं.

शेवटच्या दिवशी रोझारिओ बेटांवर जायचं ठरलं होतं. ताईच म्हणाली, "समुद्र काय, घरीही आहे. आपण त्या बायकांच्या गावाला जाऊ." सान बासिलिओ दे पालेंके तिथून साधारण पन्नास किलोमीटर. गावच्या चौकात हात उंचावलेल्या, साखळ्या तुटलेल्या बेंकोसचा पुतळा. या गावाची स्वतःची भाषा आहे, स्पॅनिश आणि आफ्रिकेतल्या बांटू भाषांच्या मिश्रणातून झालेली. २००५ मध्ये युनेस्कोने इथल्या संस्कृतीचा गौरव केला.

पण माझ्या लक्षात राहिलं ते एका घराचं परसू. चुलीवर मोठी कढई, तीत किसलेलं खोबरं आणि गूळ. आजीबाई लांब दांड्याच्या उलथन्याने एका लयीत ढवळत होत्या. गोळा कडा सोडायला लागला तशी त्यांनी कढई उतरवली, कोकादा थापायला घेतल्या आणि खरवड आमच्या हातावर ठेवली. करपट-गोड, थेट आमच्या नारळाच्या वडीसारखी! माझ्या मोडक्या स्पॅनिशमधून ताईने त्यांना तसं सांगितलं, तर त्यांनी विचारलं, तुम्ही वासाला काय घालता? ताईच्या पर्समध्ये गाडी लागते म्हणून वेलची असतेच. तिने चार दाणे सोलून दिले. आजींनी बोटांत चुरडून हुंगले, "आई शप्पथ"च्या थाटात काहीतरी म्हणाल्या आणि दुसऱ्या कढईत टाकलेसुद्धा.