मुंबई ते नागपूर विमानाने: हवेतला तास आणि घरापासूनचे पावणेसहा

आईला नागपूरच्या मावशीला भेटायचं होतं. वय 74, दोन्ही गुडघे दुखरे. कल्याणहून संध्याकाळी विदर्भ एक्सप्रेस पकडली की सकाळी नागपूर, ही आमची नेहमीची वाट. यंदा गाडीतली ती रात्र तिला झेपणारी नव्हती, म्हणून डिसेंबरात विमानाची तिकिटं काढली.

दोन्ही विमानतळांमधलं सरळ अंतर सुमारे 685 किलोमीटर. मुंबई–नागपूर रेल्वेचं 837, आमणे ते नागपूर समृद्धी महामार्ग 701. तिकिटावर वेळ दीड तासाची. आई म्हणाली, "ताशी आठशेनं जातं ना, मग दीड तास कशाला?" तिचा हिशेब चोख होता. पण तिकिटावरची वेळ विमान जागचं हलतं तिथून सुरू होते आणि पलीकडे जाऊन थांबतं तिथे संपते. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते आणि विमानांची रांग लागते. आमची 17 मिनिटं त्यातच गेली. शिवाय उड्डाण बहुतेकदा पश्चिमेला, जुहूच्या समुद्रावर होतं आणि जायचं असतं पूर्वेला, म्हणजे आधी वळसा. मी घड्याळ लावून पाहिलं: चाकं उचलल्यापासून टेकेपर्यंत 1 तास 8 मिनिटं.

परतताना मात्र 1 तास 24. हिवाळ्यात एवढ्या उंचीवर वारा पश्चिमेकडून असतो. जाताना पाठीशी, येताना तोंडावर. त्यात मुंबईजवळ दोन घिरट्या झाल्या. पुढे दुसरी गाडी किंवा विमान गाठायचं असेल तर परतीला दोन तास तरी हाताशी ठेवा.

जाताना खिडकी उजवीकडची घ्या. सकाळचं ऊन डोळ्यांवर येतं, पण पैठणचा नाथसागर त्याच बाजूला आहे. हवा स्वच्छ होती, पाणी लखलखत होतं. आई तिथून नजर हलवेना, माहेर पैठणचं! लोणारही त्याच बाजूला, ते मला काही सापडलं नाही.

खरा वेळ जमिनीवर जातो. डोंबिवलीहून पहाटे 5 ला निघालो, मावशीच्या दारात 10.45. चाकांची खुर्ची तिकीट काढतानाच मागून ठेवा. विमानतळावर मागितली तर वाट पाहावी लागते. खुर्चीचे प्रवासी सगळ्यांच्या शेवटी उतरतात, तेव्हा न्यायला येणाऱ्यांना अर्धा तास उशिराची वेळ सांगा. मावशी बिचारी बाहेर ताटकळली.

तिकिटावर विमानतळाचं नाव आणि टर्मिनल दोनदा वाचा. डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईहूनही विमानं सुटतात, आणि मुंबईत टी1 सांताक्रूझच्या बाजूला तर टी2 सहारला. नागपूरला मेट्रोच्या स्थानकाचं नाव एअरपोर्ट असलं तरी ते वर्धा रोडवर आहे, टर्मिनलच्या दारात नाही. एकट्याने, हलकं सामान घेऊन सीताबर्डीला जायचं तर मेट्रो छान. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी टॅक्सीच करा.

आणि संत्री आणणारच असाल, तर तिकिटावर सामानाची मर्यादा पाहा. आमच्यावर माणशी 15 किलो होती. मावशीने दोघांत मिळून 11 किलो दिली, आणि ती सगळी घरी पोचली.