अनंताचा दोरा आणि पोट आलेली भिंत

अनंत चतुर्दशी, रात्र

आज आत्यानं आपल्या डाव्या हातात 14 गाठींचा अनंत बांधला. मी माजघराच्या भिंतीला आलेलं पोट, बाहेर आलेला फुगवटा, दाखवला, तर म्हणाली, "कशाला जिवाला घोर लावून घ्यायलीस? अनंत हाय की. देव तारी त्याला कोण मारी." आणि देवांच्या कोनाड्यातली, देवळीतली वात पुढं सारली. एवढंच. पण संध्याकाळपासून ते वाक्य मनातून जाईना.

1993 सालीही 29 सप्टेंबरला अनंत चतुर्दशीच होती. विसर्जन करून माणसं दमून झोपली आणि पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंपानं किल्लारी, सास्तूर, मंगरूळ हललं. हजारो गेली. त्यातल्या कितीतरी हातांत ताजे दोरे असतील. मग त्यांना का नाही? हे आत्याला कसं विचारू? त्या रात्रीचं तिचं तिलाच ठाऊक.

भिंत का पडते ते मात्र मला नीट ठाऊक आहे, म्हणूनच झोप लागत नाही. आपल्याकडची दगडी भिंत दिसते एक, असते दोन. आतली रांग वेगळी, बाहेरची वेगळी, मधे चिपा म्हणजे दगडाचे तुकडे, आणि माती. दोन्ही रांगांना धरून ठेवणारा आरपार लांब दगड घातलेला नसला, की हादऱ्यात दोघी दोन बाजूंना फाकतात. पोट येतं ते याचंच. बोटानं ठोकलं की पोकळ वाजतं. वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत. गळू नये म्हणून दर पावसाळ्याआधी मातीचा नवा थर, जुना कुणी काढत नाही. दोन फूट जाडी झाली, तर 10 बाय 10 च्या खोलीवर नऊ-दहा टन माती बसते, ओली झाली की आणखी. आणि त्याखाली आपण अंथरूण घालतो.

दादाला सांगितलं तर "बघू" म्हणाला. सगळा घोर माझ्याच वाट्याला का? असो.

पुन्हा तेच. देव राखतो म्हणजे नेमकं काय राखतो? आत्याचं सासरचं घर गेलं, त्यातली माणसं गेली, आणि पुढच्या वर्षी तिनं इथं येऊन पुन्हा दोरा बांधला. भिंत उभी राहील म्हणून बांधला नसावा. भिंत नसतानाही बांधला. हे इतकी वर्षं माझ्या नजरेसमोर होतं आणि मी तिला भोळी समजत होते. तिच्यासारखं मला जमणार नाही. मला दोरा हवा आणि आरपार दगडही हवा. देवाला याचा राग येईल असं नाही वाटत.

तेव्हा गवंड्याला बोलवायचं. आधी माळवदावरची माती आठ इंचांवर आणायची, खाली प्लॅस्टिकचा कागद, म्हणजे गळायचं नाही. मग भिंतीत आरपार भोकं, उंचीत दर 2 फुटांवर, लांबीत दर 4 फुटांवर. दगड पहारीनं हलकेच सैल करायचा, घण घालायचा नाही, नाहीतर आख्खी रांग निसटते. एका वेळी एकच भोक. त्यात दोन्ही टोकं वाकवलेली 8 मिलीमीटरची सळई, वर काँक्रीट ठासून, आठ-दहा दिवस पाणी, की झाला आरपार दगड. जिथं पोट फारच आलंय तिथं हे चालणार नाही, खाली टेकू देऊन तेवढा भाग उतरवून नव्यानंच रचावा लागेल.

आणि देवळी. ती कोपऱ्याला अगदी चिकटून खोदलेली आहे, कोपऱ्यापासून दोन फूट तरी भिंत अखंड हवी. ती बुजवावी लागणार. म्हणजे देव हलवायचे. आत्या ऐकेल का? सकाळी तिच्याकडून आधी दोरा बांधून घेते, मग विचारते.