आमची वाटचाल: शेजारी उडणारा विंगमन

आमची फर्म एकच गोष्ट बनवते. लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरमध्ये, म्हणजे संगणकावर विमान उडवण्याच्या खेळात, तुमच्या शेजारून जी साथीदार विमानं उडतात, ज्यांत माणूस बसलेला नसतो, त्यांचे वैमानिक, म्हणजे विंगमन, आम्ही लिहितो. पुण्यात, लोहगाव विमानतळापासून फार लांब नसलेल्या दोन खोल्यांत हे काम चालतं. मी, माझा भागीदार, तीन प्रोग्रामर आणि हिशेब सांभाळणारी माझी धाकटी बहीण, एवढेच आम्ही.

सुरुवात मिशन, म्हणजे खेळातल्या मोहिमा, लिहिण्यापासून झाली. आम्ही दोघंही 2001 साली आलेल्या 'आयएल-2 स्टुर्मोविक' या सिम्युलेटरवर वाढलो. पुढे लुआ या प्रोग्रामिंगच्या भाषेत मिशनच्या स्क्रिप्ट लिहून द्यायची कामं मिळू लागली. गिऱ्हाइकं बहुतेक युरोपातली. सिम्युलेटर कुठलाही असो, मिशन हातात पडल्यावर त्यांची तक्रार फिरून एकाच जागी यायची: विंगमन वळणावर मागे पडतात, आडवे येतात, आणि माझ्या शेपटीवर शत्रू असताना हे भलत्याच विमानामागे धावतात. ते स्क्रिप्टमधून दुरुस्त होण्यासारखं नव्हतं. तेव्हा मिशनची कामं हळूहळू कमी करून विंगमनचं वागणं एवढाच विषय आम्ही हाती घेतला. पैशांच्या दृष्टीने तो काळ अवघड गेला. एका परदेशी स्टुडिओने बिल इतकं रखडवलं की नवी संगणकखरेदी लांबणीवर टाकावी लागली. पण विषय मात्र मनापासून आवडलेला होता.

पाया म्हणून आम्ही क्रेग रेनॉल्ड्सचं 1987 सालचं 'बॉइड्स' हे थव्याची नक्कल करणारं मॉडेल घेतलं. शेजाऱ्यावर आदळू नका, त्याच्या दिशेने उडा, थव्याच्या मध्याकडे राहा: या तीन नियमांवर पडद्यावर पाखरांचा थवा जिवंत होतो. लढाऊ फॉर्मेशनला, म्हणजे ठरलेल्या रचनेत एकत्र उडणाऱ्या विमानांना, मात्र एवढं पुरत नाही. थव्याला म्होरक्या नसतो, इथे लीडर असतो आणि प्रत्येकाची जागा ठरलेली असते. शिवाय विमानाला वजन आणि वेग असतो, मनात आलं म्हणून ते थांबत नाही. आज त्या तीन नियमांपैकी टक्कर टाळण्याचा नियमच आमच्याकडे शिल्लक आहे.

खरी मेहनत वळणात आहे. समजा लीडर ताशी 400 किलोमीटर वेगाने 60 अंश कलून वळतोय. त्याच्या वळणाची त्रिज्या साधारण 725 मीटर येते. त्याच्यापासून 100 मीटर बाहेरच्या विंगमनला 825 मीटर त्रिज्येवरून जायचंय, म्हणजे तेवढ्याच वेळात ताशी 455 किलोमीटर वेग हवा. आतल्याला 345 वर यावं लागतं. लीडरने इंजिन पूर्ण जोर लावून चालवलं असेल, तर तशाच विमानातल्या बाहेरच्या माणसाने जास्तीचा वेग आणायचा कुठून? म्हणून कसलेला लीडर थोडा जोर हातचा राखून उडतो. आमचा संगणकी लीडरही तसाच उडतो. लीडर माणूस असेल तर त्याचा थ्रॉटल (इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारा दांडा) आम्ही धरू शकत नाही, तेव्हा मागे पडणारा विंगमन रेडिओवर 'जोर कमी करा' असं सांगतो. ही एक ओळ गिऱ्हाइकांना फार आवडली. त्यातून पुष्कळजण फॉर्मेशनचं नेतृत्व करायला शिकले, असं ते कळवतात.

मोठ्या वळणात आम्ही जागांची अदलाबदल करतो. बाहेरचा विंगमन लीडरच्या मागून आत येतो, आतला बाहेर जातो, आणि सगळ्यांचं अंतर जवळपास सारखं पडतं. स्पेनच्या यादवी युद्धात वेर्नर मोल्डर्स आणि त्याच्या जर्मन सहकाऱ्यांनी चार विमानांची सैल रचना रुळवली, हाताची चार बोटं पसरावीत तशी. अशा वळणांसाठी ती सोयीची होती. उलट 1940 मध्ये ब्रिटिश तीन विमानांच्या घट्ट बाणात उडत. त्यात दोन्ही विंगमनचे डोळे लीडरच्या पंखाला चिकटलेले, आकाशाकडे बघणार कोण? लढाईची झळ सोसल्यावर त्यांनीही चार बोटांची रचना उचलली.

या चौघांत क्रमांक चार हा तीनच्या मागे असतो आणि तीन हा लीडरच्या. घाटात पुढच्या ट्रकने जरासा ब्रेक लावला की मागची शेवटची गाडी पार थांबते, तसाच प्रकार इथे होतो. लीडरची छोटीशी हालचाल चारपर्यंत पोचताना वाढत जाते. म्हणून आमचा चार नंबरचा विंगमन आपली जागा तीनकडे बघून धरतो, पण लीडरच्या वळणाचीही दखल घेतो, आणि दोघं पुढच्या दोन-तीन सेकंदांत कुठे असतील याचा अंदाज बांधतो. टॅकव्ह्यू या उड्डाणांची नोंद पुन्हा दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये जुनं आणि नवं उड्डाण शेजारी लावलं की फरक स्वच्छ दिसतो.

हवाई दलातून निवृत्त झालेले एक विंग कमांडर आमच्या ऑफिसात येऊ लागले आणि कामाला वेगळीच दिशा मिळाली. पहिल्याच दिवशी बराच वेळ बघून ते म्हणाले, "अरे, याला जागा राखता येते, पण लीडर काय करतोय ते याला कळत नाही."

"सर, आदेशांचा मेनू आहे ना," माझा भागीदार म्हणाला.

"शत्रू मागे लागल्यावर मेनू उघडायला वेळ कुणाला असतो?"

मग सरांनी जॉन थॅचची गोष्ट समजावून सांगितली. अमेरिकन नौदलाच्या या वैमानिकाने 1941 मध्ये टेबलावर काड्या मांडून जपानच्या झीरो विमानाशी लढायचा डाव शोधला. त्याचं वाइल्डकॅट विमान झीरोइतकं चपळ नव्हतं. त्याच्या डावात दोन जोड्या एकमेकींपासून अंतर ठेवून उडतात. एकीच्या मागे शत्रू लागला की दुसरी तिच्या दिशेने वळते. हे वळणंच इशारा असतो, रेडिओची गरज नाही. पहिली जोडीही समोर वळते, मागे लागलेला झीरो समोरून येणाऱ्या बंदुकांपुढे सापडतो. जून 1942 मध्ये प्रशांत महासागरातल्या मिडवेच्या लढाईत हा डाव वापरला गेला.

त्या दिवसापासून आमचा विंगमन लीडरचं विमान वाचतो. लीडर एकदम कडक वळला, तर तो आधी लीडरच्या शेपटीमागे बघतो. लीडर सावकाश खाली उतरू लागला, इंधन कमी आहे आणि तळाची दिशा आहे, तर परत निघालोय हे ओळखतो. मेनू आम्ही काढलेला नाही, पण त्याची गरज फार कमी पडते.

एक गोष्ट मी आग्रहाने पाळली आहे: फसवणूक नाही. आमच्या विंगमनला खेळाडूइतकंच दिसतं. विमानाखाली आणि मागे त्याची आंधळी जागा आहे, सूर्याकडे बघताना त्याचेही डोळे दिपतात. इंजिनही तेच, तापण्याची मर्यादाही तीच. यामुळे काम कितीतरी पटींनी वाढतं, पण विश्वास यातूनच येतो.

ऑगस्ट 2020 मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याची संशोधनसंस्था असलेल्या डार्पाच्या स्पर्धेत संगणकी वैमानिकाने एफ-16 या लढाऊ विमानाच्या अनुभवी वैमानिकाला सिम्युलेटरमध्ये 5-0 ने हरवलं. त्यानंतर प्रत्येक फोनवर न्यूरल नेटवर्कची, म्हणजे स्वतः शिकणाऱ्या प्रोग्रामची, विचारणा होऊ लागली. ती कामगिरी मोठीच होती. पण तिथे दोन विमानांची समोरासमोर झुंज होती आणि संगणकाला प्रतिस्पर्ध्याची पूर्ण माहिती मिळत होती. आमच्या विंगमनला माणसासोबत राहायचंय, अर्धवट दिसणाऱ्या आकाशात. म्हणून निर्णय आम्ही समजतील, तपासता येतील अशा नियमांवर ठेवले. शिकणारी पद्धत वापरतो ती पांगलेल्या विमानाने पुन्हा जागेवर येण्यासाठी लागणारे आकडे जुळवायला.

संगणकाच्या ताकदीचाही हिशेब असतो. व्हीआरमध्ये, म्हणजे डोळ्यांवर पडदा लावून खेळताना, सेकंदाला 90 चित्रं लागतात, म्हणजे एका चित्राला सुमारे 11 मिलिसेकंद. त्यातला छोटासा वाटाच आम्हाला मिळतो. स्टिक (विमान वळवायची दांडी) आणि थ्रॉटल प्रत्येक चित्रागणिक हलतात, विचार मात्र सेकंदाला मोजक्याच वेळा होतो, आणि चौघांची पाळी वेगवेगळ्या चित्रांवर लावलेली असते.

आता तीन स्टुडिओंबरोबर नियमित करार आहेत आणि मिशनची कामं पूर्ण थांबवली आहेत. सध्या टेबलावर आहे जखमी विमानाचं प्रकरण. लीडरचं इंजिन निकामी होत असेल, तर विंगमनने त्याच्याइतका हळू उडत, अधूनमधून नागमोडी वळत, त्याच्या वर राहून त्याला घरी आणायचं. वेग कमी झाला की विंगमन स्वतःच स्टॉल होण्याच्या, म्हणजे पंखांचा आधार सुटून खाली पडण्याच्या, बेतात येतो, म्हणून ती नागमोड किती रुंद ठेवायची यावर सर आणि आमचे प्रोग्रामर रोज संध्याकाळी वाद घालतात. पुढच्या आवृत्तीत ते देणार आहोत.