शब्बाथ दिवसाची मजल

बेळगावचा माणूस पुण्यात ओळखायचा असेल तर शुक्रवारी रात्री नवले पुलापाशी जाऊन उभं राहावं. पाठीला सॅक, सॅकमध्ये धुऊन रिकामा केलेला डबा, नजर वारज्याकडून येणाऱ्या प्रत्येक बसच्या पाटीवर, आणि फोनवर घरच्यांना सांगणं चाललेलं असतं, "बस यायल्या म्हणतंय, खरं अजून दिसंना की." एवढं कानावर पडलं की शेजारचा अनोळखी माणूस वळून विचारतो, "बेळगावात कुठं?" मग वडगाव, शहापूर, अनगोळ, कॅम्प. खानापूरचा कुणी असेल तर त्याची मजल आमच्याही पुढची. त्याला उतरून पहाटे आणखी एक गाडी धरायची असते.

मीही त्या घोळक्यातलाच. बेळगावात फाउंड्री आहेत, मशीन शॉप आहेत, उद्यमबागेपासून मच्छेपर्यंत लेथच्या आवाजात आमची एक अख्खी पिढी वाढली. कामही मी तिथंच शिकलो. पण पगाराचा आकडा चाकणला वेगळा असतो, म्हणून मी चाकणला. मुलाखतीच्या शेवटी त्यांनी विचारलं, तुम्हाला काही विचारायचंय का? मी विचारलं, सुट्टी कोणत्या वारी? पिंपरी-भोसरीच्या पट्ट्यात कितीतरी कारखान्यांना पूर्वापार गुरुवारची साप्ताहिक सुट्टी. गुरुवार निघाला असता तर मी बहुधा उद्यमबागेतच राहिलो असतो. समोरच्या साहेबांना वाटलं, हा आरामाचा माणूस दिसतोय. शनिवार-रविवार, ते म्हणाले, आणि मी सही केली.

घर पुण्याला का हलवत नाही, हे मला बसमध्ये, सलूनमध्ये आणि चर्चच्या फाटकात विचारून झालेलं आहे. बायकोची शाळेतली नोकरी, मुलीची शाळा, आईची माणसं. पुढचा प्रश्न.

अंतर साधारण तीनशे चाळीस किलोमीटर. रस्ता चांगला असता तर रात्रीची सात तासांची झोप झाली असती, पण कागल ते सातारा रुंदीकरणाचं काम काढल्यापासून बस इतक्या वेळा मुख्य रस्ता सोडून खाली उतरते आणि परत चढते की झोपेचेही तुकडे पडतात. कोगनोळीचा नाका मागे पडतो, पाट्या कन्नड होतात, निपाणी जाते, आणि तवंदीच्या घाटात बस वळायला लागली की गजराशिवाय जाग येते. ड्रायव्हर कुणीही असो, ते वळण शरीराला पाठ झालंय. सीमेवर तापलं की मात्र सगळं गणित फिसकटतं. २०२२ च्या डिसेंबरात दोन्हीकडच्या एसट्या बंद पडल्या होत्या तेव्हा कोण कुठपर्यंत सोडतंय याची चौकशी करत घर गाठणारी माणसं मी पाहिली आहेत. दिल्लीत आणि बंगळुरात कोण काय म्हणालं याच्याशी त्यांना त्या रात्री काही देणंघेणं नव्हतं. सकाळी पोराचं बारसं होतं, नाहीतर आईचं डोळ्याचं ऑपरेशन.

२०२४ च्या सप्टेंबरात हुबळी-पुणे वंदे भारत सुरू झाली, तेव्हा आमच्या घोळक्यात आनंद झाला. आठवड्यातून तीनच दिवस, हे कळलं. पुण्याकडे जाणारी तिची रविवारची फेरी सकाळची, हेही कळलं. म्हणजे गाडी धरायची तर चर्च सोडायचं. मी परत स्लीपर कोचच्या वरच्या बर्थवर.

आमच्या आजीच्या घरात रविवारी प्रवास नव्हता. चूलसुद्धा शनिवारी रात्रीच अर्धी उरकलेली असे. शब्बाथ म्हणजे आठवड्यातला विश्रांतीचा पवित्र दिवस, यहुद्यांचा शनिवार, आमचा रविवार. बायबलातल्या प्रेषितांच्या कृत्यांत जैतुनाच्या डोंगराचा उल्लेख येतो, तो यरुशलेमपासून शब्बाथ दिवसाच्या मजलेवर होता म्हणून. ही मजल म्हणजे यहुदी परंपरेनं ठरवलेली हद्द, दोन हजार हात. आजच्या हिशेबात किलोमीटरभरही नीट भरत नाही. त्या दिवशी माणसानं याहून लांब जाऊ नये. या मापानं मी दर रविवारी रात्री तीनशेहून जास्त शब्बाथांची चाल एका दमात करतो. एकदा हे मी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना सांगितलं, तर ते हसून म्हणाले, "यहुद्यांचा दिवस संध्याकाळपासून संध्याकाळपर्यंत. त्या हिशेबानं तुमची रात्री दहाची बस सोमवारची आहे." आजी असती तर दोघांनाही शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या धर्मवर्गात, मागच्या बाकावर बसवलं असतं.

खरा त्रास अंतराचा नाही. अंतराची सवय होते. त्रास होतो तो पाहुणा होण्याचा.

सुरुवातीच्या दिवसांत शनिवारी सकाळी मी दारात पाऊल टाकलं की घर कामाला लागे. आई पहाटेपासून उठलेली. मटण आणायला कोण जाणार हे आदल्या दिवशीच ठरलेलं, आणि तो जाणारा मी नसे. "तू बस की रे, दमून आलायस." मुलीचा अभ्यास आवरलेला, केस विंचरलेले. बायकोनं आठवडाभराचे सगळे वाद शुक्रवारी रात्रीच मिटवून टाकलेले, म्हणजे मला फक्त निकाल ऐकायला मिळे. नवा टॉवेल. मी माझ्याच घरात नवा टॉवेल घेऊन नहाणीत जायचो, आणि गिझरचं बटण कुठलं हे विसरलेलो असायचो. दुपारी सगळे आजूबाजूला बसून मला बघायचे. जेवण संपल्यावर ताट उचलायला गेलो तर आई हात धरी. दीड दिवसाचा गणपतीसुद्धा इतका थाटात बसत नसेल.

हे पाहुणेपण मोडायला वेळ लागला, आणि ते माझ्या प्रयत्नांनी मोडलं असंही नाही. एका शनिवारी मी पोचलो तेव्हा मुलगी फोनमध्ये डोकं घालून बसली होती, मान वर न करता म्हणाली, "पप्पा, पाणी आलंय, मोटर लावा." आत बॅग ठेवायच्या आधी मी मोटर लावली. इतकं बरं वाटलं. राकसकोपच्या जलाशयातून निघालेलं पाणी आमच्या गल्लीत नेमकं मी आल्याच्या मुहूर्तावर यावं आणि माझ्या स्वागतापेक्षा महत्त्वाचं ठरावं, याला मी कृपाच समजतो. हल्ली मटण आणायला मीच जातो. खाटीक मला "कधी आला?" असं विचारत नाही, मागच्या वेळचे राहिलेले पैसे मागतो.

चर्चमध्ये हीच गोष्ट जरा अवघड गेली. घरात माणसं चार. मंडळीत शंभर, आणि प्रत्येकाची आस्था खरी. पाळकसाहेबांनी एकदा सूचनांच्या वेळी "पुण्याहून आलेले आपले बंधू" म्हणून मला उभं केलं होतं. ज्या बाकावर माझे वडील बसत त्याच बाकावरून मी उठलो, आणि मंडळीनं माझ्याकडे पाहून मान हलवली, जशी ती परगावच्या उपदेशकाकडे पाहून हलवते. चर्चचं जीवन रविवारी दिसतं, पण चालतं ते आठवड्यात. कोयरची प्रॅक्टिस शुक्रवारी संध्याकाळी, तेव्हा मी चाकणच्या चौकात ट्रकांच्या मागे अडकलेला. कमिटी मंगळवारी. घरसभा, म्हणजे कुणाच्या तरी घरी जमून केलेली प्रार्थना, बुधवारी. कमिटीतून मी स्वतःच बाहेर पडलो, कोयरमधून मला कुणी काढलं नाही, पण माझ्या जागी उभा राहणारा मुलगा माझ्यापेक्षा चांगला गातो, हे मलाही ऐकू येतं.

घरसभेला मी फोनवरून हजर राहतो. ज्यांच्या घरी सभा असेल तिथं बायको फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवते. मला दिसतो पंखा. बेळगावातले मंडळीच्या घरांचे बहुतेक पंखे मी आता ओळखतो. गाणं सुरू झालं की माझा आवाज दीड ओळ मागे पडतो, म्हणून मी आवाज बंद करून गातो. खोलीतला माझा साथीदार लातूरचा. आयपीएल चालू असेल तरी बुधवारी आठ वाजता टीव्हीचा आवाज आपणहून कमी करतो. एकदा प्रार्थनेची पाळी माझ्यावर आली, मी मनापासून प्रार्थना केली, आजाऱ्यांची नावं घेतली, आमेन म्हटलं, आणि पलीकडून एक म्हातारी बाई म्हणाली, "आवाज येईना बाळा, परत म्हण." मी परत म्हटली. देवानं दोनदा ऐकली असणार.

यात सगळ्यात जड जातो तो दुखवटा. माणसं आठवड्याच्या मध्ये जातात. बुधवारी बातमी येते, गुरुवारी माती दिली जाते, आणि मी रविवारी दुपारी सांत्वनाला जातो, तेव्हा त्या घरातलं रडणं संपलेलं असतं. खुर्च्या परत गेलेल्या असतात. मग ती माणसं माझ्यासाठी सगळं पहिल्यापासून सांगतात: रात्री काय खाल्लं होतं, शेवटचं काय बोलले, डॉक्टर किती वाजता आले. त्यांना ते परत सांगायला लावणं बरं की वाईट, मला ठरवता आलेलं नाही. पण न सांगता कुणी राहिलेलं नाही. चहा होतो, मग मी विचारण्याआधीच ते विचारतात, "तुमची बस किती वाजता?"

चर्चमधलं हे पाहुणेपण सुटलं ते तिथल्या खजिनदारांमुळे. उपासनेनंतर अर्पणाचे पैसे मोजायला दोन माणसं लागतात. कंटाळवाणं काम; घरी जेवण वाट पाहत असतं आणि मोजणारा अडकून पडतो, म्हणून कुणी तयार होत नाही. या कामाला आठवड्यातला दुसरा कुठलाही वार लागत नाही. मी हात वर केला.

आमच्याकडे मराठी उपासना आधी आणि कन्नड नंतर. बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचं काम १८२० ला सुरू झालं आणि १९०४ मध्ये अमेरिकन मेथॉडिस्टांच्या हाती गेलं. छावणीचं गाव, त्यात सीमेवरचं, त्यामुळे मराठी, कन्नड, इंग्रजी अशा उपासना इथं पिढ्यान्‌पिढ्या नांदत आल्या आहेत. वेस्ट्रीत, म्हणजे चर्चच्या बाजूच्या खोलीत, आम्ही थैल्या टेबलावर ओततो तोवर भिंतीपलीकडे कन्नड मंडळी गायला लागते. पुष्कळदा चाल तीच असते जी आम्ही तासाभरापूर्वी गायलो. शब्द तेवढे कन्नड. त्या तालावर मी दहा-दहाच्या नाण्यांच्या चळती लावतो. मध्येच त्यांच्यातले एक वडीलधारे दार किलकिलं करून विचारतात, "आय्तेन्री?" म्हणजे झालं का? खजिनदार मान वर न करता म्हणतात, "आत्री, आत्री," झालं, झालं, आणि आणखी पंधरा मिनिटं मोजत राहतात.

पण नाणी हा त्यातला कमी भाग. खरी गंमत उपकारस्तुतीच्या, म्हणजे देवाचे आभार मानून दिलेल्या पैशांच्या, पाकिटांत. लोक पाकिटावर दोन शब्द लिहितात: मुलाला नोकरी लागली. शुगर कमी आली. घराचा स्लॅब पडला. (हा पडला म्हणजे घातला, पहिल्यांदा माझ्या काळजात धस्स झालं होतं.) प्रवास सुखरूप झाला. सून बाळंत झाली, मुलगी. एका पाकिटावर नुसतं "झोप लागली" असं होतं, आत वीस रुपये. आठवडाभर मी जे चुकवतो ते इथं वाचायला मिळतं, तेही गप्पांपेक्षा नेमकं, कारण माणूस देवाला लिहिताना फार वाढवून लिहीत नाही. तोंड मात्र बंद ठेवावं लागतं. बाहेर आल्यावर ज्याची शुगर कमी झालीय तो समोरून "सलाम" करतो आणि मी नुसतं सलाम म्हणून पुढे जातो, जणू मला काही माहीत नाही.

घरी पोचायला उशीर होतो. बायको भाकरी झाकून ठेवते. "रविवारची एक दुपार मिळते, तीही तिथंच," ती म्हणते, आणि तिचं बरोबर आहे. ती सहा दिवस आईचं औषध, मुलीचं गणित, गॅस आणि घरसभेचा चहा सांभाळते. तिच्या वाट्याला येणाऱ्या त्या दुपारीही मी नाणी मोजत बसतो. त्यावर आमचा तोडगा निघालाय तो असा, की हल्ली दुसरी मोजणारी तीच असते. तिच्या नोटा माझ्यापेक्षा भराभर होतात. टेबलाच्या दोन बाजूंना बसून, खजिनदारांसमोर, आम्ही घरचं बरंचसं बोलून घेतो. खजिनदार ऐकत नाहीत असं दाखवतात.

मध्यंतरी हंगाम सणाच्या, म्हणजे चर्चमध्ये अर्पण केलेल्या पिकांच्या, लिलावात आम्ही एक कोहळा तिप्पट किमतीला घेतला, म्हणजे मुलीनं माझ्या नावावर बोली चढवली आणि मी तेव्हा आत मोजत होतो. बाहेर आलो तर सगळी मंडळी माझ्याकडे बघून हसत होती, आणि परगावच्या उपदेशकाकडे बघून कुणी असं हसत नाही. त्या कोहळ्याची अर्धी भाजी डब्यातून चाकणला आली. ऑफिसात सोमवारी बेळगावच्या माणसाकडून कुंदा अपेक्षित असतो. भाजीवर लोक नाराज झाले.

गेल्या रविवारी खजिनदारांनी वहीत ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेची मोजणी लिहिली आणि माझं नाव घातलं. येशील का, असं विचारलं नाही. वार कुठला हेही पाहिलं नाही. मी रजेचा अर्ज टाकलाय, साहेब अजून हो म्हणालेले नाहीत. तिकीट मात्र आजच काढावं लागेल, कारण नाताळच्या आठवड्यात अर्धं पुणं गोव्याला निघतं आणि बेळगावच्या बर्थचेही भाव त्यांच्याबरोबर चढतात.