तुम्ही विचारलंत म्हणून: रोटाव्हेटरचा बोल्ट सारखा का तुटतो?

बेळगावच्या उद्यमबागेत माझे शेतीयंत्रांच्या दुरुस्तीचे छोटे वर्कशॉप आहे. मृगाच्या आधीचे पंधरा-वीस दिवस आणि ऊस तुटून गेल्यानंतरचे महिने तिथे एकच प्रश्न कधी मराठीत, कधी कानडीत विचारला जातो : “रोटाव्हेटरचा शिअर बोल्ट दिवसाला दोन-दोन तुटतो, जरा दणकट बोल्ट बसवून देता का?” (रोटाव्हेटर म्हणजे ट्रॅक्टरमागे जोडून फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारे यंत्र.) कामाच्या गडबडीत या प्रश्नाचे अर्धेच उत्तर देऊन होते आणि उरलेले अर्धेच जास्त महत्त्वाचे असते, म्हणून ते येथे सविस्तर लिहीत आहे.

दणकट बोल्ट मी बसवून देत नाही. ट्रॅक्टरचा पीटीओ, म्हणजे मागच्या यंत्राला ताकद देणारा फिरता दांडा, मिनिटाला ५४० फेरे फिरतो, ती ताकद शाफ्टमधून रोटाव्हेटरच्या गिअरबॉक्सकडे जाते, आणि वाटेत पात्यांना दगड किंवा जुना खुंट अडला तर सगळा झटका गिअरच्या दातांवर येऊ नये म्हणून शाफ्टच्या टोकाला दोन चकत्यांमध्ये हा बोल्ट मुद्दाम कमजोर ठेवलेला असतो. बोल्टच्या डोक्यावर ८.८ असे कोरलेले असेल तर तो दर चौरस मिलिमीटरला सुमारे ८०० न्यूटन ताण सोसतो, १२.९ असेल तर सुमारे १२००. म्हणजे कंपनीने ८.८ चा सांगितलेला असताना आपण १२.९ चा घातला, तर दीडपट झटका पुढे जाऊ देतो. धंद्याच्या दुसऱ्या वर्षी कडोलीकडच्या एका काकांनी फार आग्रह केला आणि मी तसा बोल्ट बसवून दिला. बोल्ट टिकला, पण चौथ्या दिवशी काका गिअरबॉक्सच घेऊन आले, आणि उघडून पाहिले तर क्राउन-पिनियनचे (आतल्या मुख्य गिअरजोडीचे) पाच दात तेलाच्या गाळात पडलेले होते. वीस-पंचवीस रुपयांच्या वस्तूऐवजी हजारांचा खर्च समोर आला. त्यातला निम्मा मी उचलला, कारण चूक माझी होती.

तेव्हापासून मी आधी तुटलेले तुकडे मागतो. हे तुकडे बहुतेक जण बांधावर फेकून येतात आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण दुखणे कुठे आहे ते निम्म्याहून अधिक वेळा तिथेच दिसते. तुटलेली बाजू दोन चकत्यांच्या सांध्यावर सरळ कापल्यासारखी आणि सगळीकडे सारखी उजळ असेल, तर बोल्टने आपले काम केलेले आहे. पात्यांना खरोखरच काहीतरी अडले होते. तुटलेल्या बाजूचा काही भाग काळपट किंवा गंजलेला आणि उरलेलाच भाग उजळ असेल, तर तडा आधीपासून होता आणि बोल्ट हळूहळू कापला जात होता. असा बोल्ट ढिला राहिलेला असतो, किंवा चकतीचे भोक झिजून लांबट झालेले असते. लांबट भोकात नवा बोल्ट कितीही आवळला तरी प्रत्येक धक्क्याला तो हलतो, म्हणून तिथे बोल्ट नव्हे, चकती दुरुस्त करावी लागते. तिसरा प्रकार असा, की तुटण्याची जागा आट्यांवर येते. याचा अर्थ लांबीचा हिशेब चुकला आहे. सांध्यावर बोल्टचा गुळगुळीत भाग यायला हवा, आट्या तिथे आल्या तर बोल्टचा गाभा बारीक पडतो आणि तो नको तेव्हा तुटतो.

तुकडा सरळ कापलेला असून शेतात दगड नसेल, तर रोटाव्हेटर स्वतःच जड फिरतो आहे का ते पाहावे. ट्रॅक्टर बंद करून किल्ली काढून खिशात ठेवावी, रोटाव्हेटर उचलून लाकडी ओंडक्यांवर टेकवावा (नुसत्या हायड्रॉलिकच्या भरवशावर कोणीही खाली वाकू नये), शाफ्ट सोडवावा आणि गिअरबॉक्सचा दांडा हाताने फिरवून पाहावा. तो सलग फिरला पाहिजे. अडखळत किंवा खरखरत फिरला तर दोष आत आहे. अथणी-चिकोडीकडून येणाऱ्या यंत्रांत तो बहुधा रोटरच्या (पाती बसवलेल्या आडव्या दांड्याच्या) कडेला सापडतो. उसाचे पाचट आणि ठिबकच्या फाटक्या नळ्या रोटरभोवती गुंडाळत गुंडाळत बेअरिंगपाशी घट्ट बसतात, ऑइल सील कापतात, तेल बाहेर जाते आणि चिखल आत येतो. खानापूरकडच्या भातशेतीत हाच चिखल आणखी लवकर शिरतो. पहारीने रोटर वर उचलून पाहिला आणि तो खालीवर हलला, तर बेअरिंग गेले असे समजावे. रोजचे काम संपल्यावर कोयत्याने हे पाचट कापून काढायला दहा मिनिटे लागतात, आणि मी सांगतो त्या सगळ्या गोष्टींत ही एकच पाळली तरी माझ्याकडे येणे पुष्कळ कमी होईल.

दांडा हलका फिरत असेल, तर शाफ्टकडे वळावे. चौकोनी नळीचा शाफ्ट ग्रीस लावायला सुटा केला की जोडताना त्याच्या दोन टोकांचे काटे एका रेषेत न येता काटकोनात बसू शकतात. मग प्रत्येक फेऱ्यात वेग कमीजास्त होतो, सगळे यंत्र थरथरते आणि बोल्ट त्या थरथरीने थकतो. दुसऱ्याच्या ट्रॅक्टरचा शाफ्ट मागून आणून जोडला असेल तर त्याची लांबीही तपासावी. रोटाव्हेटर सावकाश वरखाली करून शाफ्ट सर्वांत आखूड कुठे होतो ते पाहावे, आणि तिथेही आतली नळी तळाला टेकण्याआधी दोन-तीन सेंटिमीटर मोकळी राहिली पाहिजे. टेकली तर ती गिअरबॉक्सच्या बेअरिंगला ठोकत राहते. बोल्टऐवजी स्लिप क्लच (जास्त झटका आला की तुटण्याऐवजी घसरणारा क्लच) असलेल्या यंत्रात पावसाळाभर उभे राहून क्लचच्या प्लेटा गंजाने चिकटतात, म्हणून हंगामाच्या सुरुवातीला स्प्रिंगचे नट मोजून ढिले करावेत, क्लच एकदा घसरू द्यावा आणि तितकेच आटे पुन्हा आवळावेत.

चालवण्याच्या सवयीबद्दल थोडेच सांगतो. पाती जमिनीत रुतलेली असताना आणि इंजिन जोरात असताना पीटीओ जोडला, की नवा बोल्टही जागच्या जागी तुटतो. पाती जमिनीपासून थोडी वर धरून कमी वेगात पीटीओ जोडावा आणि ट्रॅक्टर पुढे जात असताना रोटाव्हेटर हळूहळू खाली सोडावा.

कडोलीचे काका अजूनही येतात. बोल्ट तुटला की ते दोन्ही तुकडे तंबाखूच्या रिकाम्या डबीत घालून आणतात, टेबलावर ठेवतात आणि मी काही बोलण्याआधी स्वतःच उजेडाकडे धरून पाहतात. गेल्या खेपेला तुकडा अर्धा काळा होता. चकतीचे भोक लांबट झाले आहे हे त्यांनीच मला सांगितले, आणि ते खरे होते.