फरशीचा कर्ण

भाची इंटरमिजिएटच्या ड्रॉइंग परीक्षेसाठी नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घराची ओसरी काढत होती. जुनी शहाबादी फरशी, सगळ्या लाद्या चौरस. लांब जाणाऱ्या रेघा तिने क्षितिजरेषेवर एका बिंदूत बरोबर मिळवल्या होत्या. आडव्या रेघा मात्र पट्टीनं मोजलेल्या: पहिली ओळ 2 सेंटिमीटरची, मग 1.8, मग 1.6.

"मावशी, फरशी चढावर असल्यासारखी काहून दिसून राहिली?"

मी तिला पहिल्या लादीचा कर्ण काढायला लावला आणि तोच पुढच्या लाद्यांतून न्यायला सांगितला. ओसरीवर दोरी धरली तर हे सगळे कर्ण एका सरळ रेषेत येतात. तिच्या कागदावर ती रेघ केळीसारखी वाकली. चूक तिथेच सापडली.

मग उलट केलं. कर्ण पट्टीनं सरळ वाढवला; तो पुढच्या लांब जाणाऱ्या रेघेला जिथे कापेल तिथून आडवी रेघ. क्षितिज फरशीच्या खालच्या कडेपासून 12 सेंटिमीटरवर होतं. दुसरी ओळ साधारण 1.4 ची निघाली, तिसरी 1.1 ची. मोजलं ते नंतर, फक्त बघायला.

प्रक्षेपीय भूमिती म्हणतात ती हीच, आणि मला ती शाळेच्या भूमितीपेक्षा जास्त प्रिय आहे. चित्रात लांबी बदलते, कोन बदलतात, मध्यबिंदूसुद्धा सरकतो. पण सरळ रेषा सरळच राहते, आणि एका रेषेवरचे बिंदू एका रेषेवरच राहतात. त्यावर अख्खी भूमिती उभी राहते. फ्रान्समधल्या ल्यों शहराच्या देझार्ग या गणितज्ञानं 1639 मध्ये समांतर रेषाही अनंतावर भेटतात असं धरलं. प्रत्येक दिशेला तिचा एक बिंदू. जमिनीवरच्या सगळ्या दिशांचे असे बिंदू मिळून एक रेषा होते, चित्रातलं क्षितिज म्हणजे तीच. मग दोन बिंदूंतून एक रेषा, तसा दोन रेषांना एक बिंदू, अपवाद उरतच नाही. पुढे पाँस्ले हा फ्रेंच गणितज्ञ नेपोलियनच्या फौजेतून रशियात कैद झाला. सारातोव्हला, हाताशी पुस्तकं नसताना, त्यानं हा विषय पुन्हा उभा केला. ग्रंथ 1822 मध्ये निघाला.

भाचीला एक शंका उरलीच. "मग या आडव्या रेघा? त्या तर कागदावर समांतरच आहेत."

त्यांचाही बिंदू क्षितिजावरच आहे, पण आपण समोरून बघतोय म्हणून तो कागदावर कुठेच येत नाही. तिरकं बसलं तर येतो.

तिनं पाट उचलला आणि ओसरीच्या कोपऱ्यात जाऊन बसली.